मागचा ब्रेक दाबला तरी लाइट पेटत नाही? स्विच घरी कसा बदलायचा

ब्रेक लाइट गेलाय हे गाडी चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. हॉर्न गेला की ऐकू येतं, हेडलाइट गेला की दिसतं. हा मात्र पाठीमागे असतो. पुढचा ब्रेक दाबल्यावर लाइट पेटतो आणि मागचा दाबल्यावर पेटत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष पायडलजवळच्या एका छोट्या स्विचचा असतो. तो बदलायला पंधरा मिनिटं लागतात. आधी नीट तपासायला दहा आणि नंतर नीट जुळवायला दहा. नवशिक्यांची चूक बदलण्यात होत नाही, या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत होते.

इथे डोळ्यांसमोर आहे ती मागे ड्रम ब्रेक असलेली १०० ते १२५ सीसीची गाडी: स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाइन, प्लॅटिना या वर्गातली. मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांतही असाच स्विच असतो. खात्री करायची तर उजव्या बाजूला गुडघ्यावर बसा आणि ब्रेकच्या पायडलकडे बघा. पायडलच्या मागच्या भागातून एक बारीक स्प्रिंग वर जाऊन बोटाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्याला अडकली असेल, तर हाच तो स्विच आणि हा लेख तुमच्या कामाचा. अशी स्प्रिंगच नसेल आणि दोन वायरी ब्रेक ऑइलच्या पाइपाच्या बोल्टवर जात असतील, तर तो दाबावर चालणारा स्विच आहे. तो खोलला की ऑइल सांडतं आणि पाइपात हवा शिरते. मग हवा काढल्याशिवाय ब्रेक धरत नाही. ते काम पहिल्यांदाच घरी करू नका, मेकॅनिककडे न्या.

हा स्विच करतो काय?

गाडीला ब्रेक लाइटचे दोन स्विच असतात. एक हँडलवर, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरपाशी, आणि दुसरा हा पायाचा. दोघांतला कुठलाही एक चालू झाला की मागचा एकच लाइट पेटतो. चावी ऑन केली की स्विचच्या एका वायरीला बॅटरीचा करंट येऊन थांबलेला असतो. पायडल दाबलं की स्प्रिंग ताणते, स्विचची दांडी खाली ओढली जाते, आतली धातूची पट्टी दोन टोकं जोडते आणि करंट दुसऱ्या वायरीने मागच्या बल्बकडे जातो. पाय काढला की दांडी परत वर. इतकंच. यात धन-ऋण नाही, त्यामुळे नव्या स्विचच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी काही बिघडत नाही.

जागा मात्र वाईट आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, धुताना मारलेला प्रेशरचा फवारा आणि शेजारच्या सायलेन्सरची उष्णता, हे तिन्ही त्याच्या वाट्याला येतं. दांडीवरचं रबर फाटलं की पाणी आत जातं आणि आतल्या टोकांवर हिरवट थर धरतो. स्प्रिंग गंजून तुटते. पावसाळा संपता संपता हे स्विच का जातात, याचं कोडं मग राहत नाही.

आधी तपासा, मग दुकानात जा

गाडी थंड असू द्या. उजव्या बाजूला सायलेन्सरचा बेंड पाइप अगदी हाताशी येतो आणि मनगट भाजायला एक क्षण पुरतो. गाडी डबल स्टँडवर लावा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका.

पहिली पायरी, पुढचा ब्रेक दाबा. लाइट पेटला तर बल्ब, फ्यूज, अर्थिंग आणि मागपर्यंत जाणारी वायर हे सगळं एका झटक्यात निर्दोष ठरतं. आता फक्त मागचा स्विच, त्याची स्प्रिंग आणि त्याच्या दोन वायरी एवढंच उरतं. पुढच्या ब्रेकनेही लाइट पेटत नसेल तर स्विच विकत घेऊ नका. दोन्ही स्विच एकाच दिवशी मरत नाहीत. बल्ब काढून बघा. साध्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॅटची रात्रीच्या लाइटसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. रात्रीचा लाइट लागतो म्हणजे बल्ब चांगला, असं अनेक जण धरून चालतात; पण २१ वॅटची फिलामेंट एकटीच तुटलेली असू शकते. बल्ब बसवताना त्याच्या बाजूच्या दोन पिना बघा, त्या एका उंचीवर नसतात. जोर लावून उलटा बसवला तर मोठी फिलामेंट कायम जळत राहते आणि ब्रेक दाबल्यावर छोटी लागते. हॉर्न आणि इंडिकेटरही बंद असतील तर फ्यूज बघा.

दुसरी पायरी, डोळे आणि बोट. पायडल हाताने दाबून स्विचकडे बघा. स्प्रिंग जागेवर आहे का? ताणते का? दांडी खरंच बाहेर येते का? पायडलच्या मागे एक जाड स्प्रिंगही असते, ती पायडल परत वर आणण्यासाठी. तिचा स्विचशी संबंध नाही. बारीक स्प्रिंग निसटून लोंबत असेल तर ती परत अडकवा, काम संपलं. मग दोन बोटांनी दांडी थेट खाली ओढा. हाताने ओढल्यावर लाइट पेटतो पण पायडलने पेटत नाही, असं दिसलं तर स्विच चांगला आहे, फक्त जुळवणी गेली आहे. अशा गाडीला नवा स्विच लावला तरी तो पेटणार नाही. तुम्ही सरळ खालच्या ‘जुळवणी’ या भागाकडे जा.

तिसरी पायरी, वायरी जोडून पाहणं. स्विचच्या दोन वायरी वर जाऊन साइड कव्हरच्या आत एका छोट्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) किंवा दोन सुट्या पिनांमध्ये संपतात. आधी चावी बंद करा, मग कपलर सोडवा. वायरीचा छोटा तुकडा घ्या, दोन्ही टोकं सोला, इंग्रजी ‘यू’सारखा वाकवा आणि गाडीकडच्या बाजूच्या दोन खाचांत घाला. स्विचकडच्या नव्हे, गाडीकडच्या. चावी ऑन करा.

लाइट पेटला तर स्विच मेला, यात शंका नाही. नाही पेटला तर वायरिंगमध्ये दोष आहे. तुकडा काढा आणि टेस्ट लॅम्प घ्या, म्हणजे एका बाजूला चिमटा आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला तपासणीचा छोटा दिवा. चिमटा गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूला लावा आणि टोक त्या दोन खाचांना एकेक करून टेकवा. चावी ऑन असताना दोघांपैकी एकावर तो पेटायलाच हवा. हिरो-होंडाच्या परंपरेतल्या गाड्यांत करंट आणणारी वायर काळी आणि बल्बकडे जाणारी हिरवी-पिवळी असते. इतर कंपन्यांचे रंग वेगळे, तेव्हा रंगापेक्षा टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवा. वायरीचा ‘यू’ तुकडा घातलेला असताना तो सांगाड्याला टेकू देऊ नका. टेकला की फ्यूज उडेल, आणि मग एका दोषाचे दोन होतील.

मल्टिमीटर असेल तर स्विचकडच्या दोन टोकांना लावून दांडी ओढा, बीप यायला हवा. पण या बीपवर पूर्ण भिस्त ठेवू नका. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, तर २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. गंजलेलं टोक मीटरला ‘ठीक आहे’ म्हणेल आणि बल्ब मात्र मंद पिवळा पेटेल. वायरीचा तुकडा घातल्यावर लख्ख आणि स्विचने मंद, असा फरक दिसला तरी स्विच बदलायचाच.

काय आणायचं

दुकानात फक्त गाडीचं नाव सांगून चालत नाही, जुना स्विच काढून सोबत न्या. चार गोष्टी जुळवून बघा: आट्यांची जाडी, वायरीची लांबी, टोकाचा कपलर, आणि दांडीच्या टोकाला स्प्रिंग अडकवायचं भोक. स्प्रिंग बऱ्याचदा वेगळी विकतात. तीही विकत घ्या, गंजलेल्या स्प्रिंगवर नवा स्विच लावण्यात अर्थ नाही. प्लास्टिकचा नट स्विचसोबत आहे ना, तेही बघा. या वर्गातल्या गाड्यांचा स्विच स्वस्त असतो, त्यामुळे कंपनीचा आणि साधा यातला फरक फार वाटत नाही. तो फरक पैशांपेक्षा रबराच्या टोपीत आणि वायरीच्या जाडीत असतो.

हत्यारं फार लागत नाहीत. नाकाळी पक्कड, साइड कव्हर खोलायला स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, दोन केबल टाय, थोडं ग्रीस आणि हातभर सुतळी. सुतळी कशाला, ते पुढे कळेल.

काढताना

चावी बंद. जुन्या स्विचचे आणि स्प्रिंगचे दोन-तीन फोटो मोबाइलवर काढून ठेवा, विशेषतः स्प्रिंगचा आकडा पायडलच्या भोकात कुठल्या बाजूने घातला आहे आणि वायर सांगाड्याच्या आतून गेली आहे की बाहेरून. हे दोन्ही नंतर आठवत नाही.

टूथब्रश आणि पाण्याने स्विचच्या भोवतीचा चिखल काढा. नटाच्या आट्यांत वाळलेली माती असेल आणि तुम्ही तसाच नट फिरवला, तर तो फिरत नाही, तुटतो.

आता स्प्रिंगचं खालचं टोक पायडलमधून सोडवा. पकडीने ओढायला जागा अपुरी असते आणि पक्कड सटकली की बोटं फुटरेस्टवर आपटतात. त्यापेक्षा सुतळी दुहेरी करून तिचा फास स्प्रिंगच्या आकड्यात अडकवा आणि खाली ओढा. आकडा भोकातून सैल झाला की दुसऱ्या हाताने बाहेर काढा. परत बसवतानाही हीच युक्ती.

मग कपलर सोडवा. वायरीला धरून ओढू नका, कपलरलाच धरा. त्याला बाजूला एक बारीक जीभ असते, ती दाबली की तो सुटतो. वायरीला बांधलेल्या पट्ट्या कापा.

स्विच पत्र्याच्या एका पट्टीतल्या भोकात, प्लास्टिकच्या नटात बसलेला असतो. नट पट्टीत अडकलेला राहतो आणि जागच्या जागी फिरतो. फिरला की स्विचचं अंग वर किंवा खाली सरकतं. एका हाताने स्विच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी नट फिरवत राहा, स्विच आट्यांतून सुटून वर निघून येईल. नटाला खालून छोटे खटके असतात. ते आत दाबले की नटही पट्टीतून निघतो. जुना नट शाबूत असला तरी नवाच वापरा. उन्हाने आणि उष्णतेने प्लास्टिक कडक झालेलं असतं.

स्विच निघाला की पट्टी वाकलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. गाडी कधी उजव्या बाजूला पडली असेल तर पायडल आणि ही पट्टी दोन्ही थोडी वाकलेली सापडतात, आणि मग कितीही जुळवलं तरी जुळत नाही.

बसवताना

नवा नट पट्टीत वरून दाबा, खटका बसल्याचा आवाज येईल. स्विच वरून नटात घाला आणि नट फिरवून आट्यांच्या साधारण मध्यापर्यंत आणा. मध्यावर, कारण नंतर दोन्हीकडे सरकवायला जागा राहते.

स्प्रिंग आधी स्विचच्या दांडीला अडकवा, मग सुतळीने ओढून पायडलच्या भोकात. वायर जुन्या वाटेनेच वर न्या. बेंड पाइप आणि इंजिनपासून लांब, किक फिरते त्या वाटेतून बाहेर. केबल टायने बांधा, पण स्विचच्या वरती दोन-तीन बोटं वायर सैल ठेवा, नाहीतर जुळवताना स्विच खाली सरकला की वायर ताणून मुळाशी तुटेल. कपलर ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवा. सुट्या पिना असतील तर त्यांच्यावरची रबरी नळी सरकवून पूर्ण झाकून घ्या. उघडी राहिलेली करंटची पिन सांगाड्याला लागली की फ्यूज गेला.

पायडलच्या खिळीला, म्हणजे ज्यावर ते फिरतं तिथे, थोडं ग्रीस द्या. स्विचच्या दांडीवर ग्रीस किंवा ऑइल घालू नका. त्यावर धूळ बसून दांडी अडकते.

जुळवणी

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी ब्रेक, मग स्विच. पायडल दाबल्यावर ब्रेक धरायला लागेपर्यंत पायडल जेवढं रिकामं खाली जातं, ती ढील या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. लायनर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) झिजलं की ही ढील वाढते. तेव्हा आधी मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या रॉडच्या टोकाचा नट फिरवून ती बरोबर करा. त्या नटाला एक खोलगट खाच असते, ती रॉडवरच्या गोल पिनेवर बसलेली हवी. खाच पिनेवर न बसता आडवी राहिली तर चार ब्रेक मारल्यावर ती आपोआप बसते आणि ढील परत बदलते. चाक हाताने फिरवून बघा, पायडल न दाबता ते मोकळं फिरलं पाहिजे. कॉम्बी ब्रेकच्या गाडीत पायडलने पुढचा ब्रेकही लागतो, तिथे ढील मॅन्युअलप्रमाणेच ठेवा.

आता स्विच. चावी ऑन करा. मागे बघायला कोणी नसेल तर गाडीची शेपूट भिंतीकडे करून लावा, भिंतीवर लाल उजेड लगेच दिसतो. एका हाताने पायडल सावकाश दाबा. लाइट कधी पेटायला हवा? ढील संपत आली आहे, ब्रेक आता धरणार, त्याच्या किंचित आधी. पायडल हललं की लगेच नव्हे, आणि ब्रेक धरल्यानंतर तर नव्हेच.

लाइट उशिरा पेटत असेल तर स्विचचं अंग वर सरकवायचं, म्हणजे स्प्रिंग आधी ताणेल. लवकर पेटत असेल तर खाली. नट कुठल्या दिशेने फिरवायचा हे पाठ करू नका, अर्धा फेरा फिरवा आणि स्विच वर जातोय की खाली ते डोळ्यांनी बघा. फिरवायचा तो नट, स्विच नाही. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. नट जड वाटतो, स्विच सहज फिरतो, म्हणून माणूस स्विचलाच पीळ देतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत वायरी मुळाशी पिळल्या जाऊन तुटतात आणि नवा कोरा स्विच बसवता बसवताच जातो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्विचचं डोकं धरून ठेवा, ते जराही वळता कामा नये. उजव्या हाताने नट, दर वेळी अर्धा फेरा, मग पायडल दाबून बघा. पकडीची गरज नाही. पकडीने धरलेला प्लास्टिकचा नट चेपतो.

जुळलं की हाताने नव्हे, सीटवर बसून पायाने दहा-बारा वेळा दाबा. मग पाय पूर्ण काढून लाइट विझतो का ते बघा. शेवटी हँडल डावी-उजवीकडे वळवून पुढचा ब्रेकही तपासून घ्या.

तरीही अडलं तर

लाइट कायम पेटलेला राहतो: आधी मागच्या स्विचचा कपलर काढा. तरी पेटलेलाच असेल तर दोषी पुढच्या लिव्हरचा स्विच आहे, तुमचा नाही. त्याचं बटण धुळीने आत अडकून बसतं. कपलर काढल्यावर विझला तर मागचा स्विच फार वर आहे किंवा पायडल पूर्ण वर येत नाही. पायडल बोटाने वर उचलून बघा. तेवढ्याने विझला तर खिळी गंजली आहे. कायम पेटलेला लाइट ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका. मागच्या गाडीवाल्याला तुम्ही कधी थांबताय ते कळत नाही, आणि २१ वॅटच्या बल्बने लाल काच पिवळट होऊन वितळायला लागते. छोट्या गाड्यांत बॅटरी जेमतेम ३ अँपिअर-अवरची असते. चावी ऑन ठेवून इंजिन बंद राहिलं तर हा एक बल्ब ती दीड-दोन तासांत बसवतो.

खड्ड्यांतून जाताना लाइट आपोआप लुकलुकतो: स्विच फार लवकर पेटेल असा लावलाय. पायडल थरथरतं तेवढ्यानेही तो लागतो. अंग अर्धा-एक फेरा खाली घ्या. तरीही चालू राहिलं तर मागच्या बल्बचा होल्डर हलवून बघा.

नट शेवटपर्यंत फिरवला तरी लाइट उशिराच पेटतो: स्प्रिंग लांब आहे. दुसऱ्या मॉडेलची मिळाली असेल किंवा जुनी ताणून सैल झाली असेल. आकडा वाकवून ती छोटी करण्याचा जुगाड महिनाभर चालतो, मग आकडा तुटतो. योग्य लांबीची आणा.

बसवला तेव्हा लागला, दोन दिवसांनी बंद: नव्वद टक्के खात्रीने कपलर अर्धा बसलाय. त्याखेरीज वायर सायलेन्सरला टेकून वितळली आहे का, ते बघा.

यापुढे मागचा ब्रेक आवळला किंवा लायनर बदलले की त्याच बैठकीत स्विचही तपासा. ब्रेक आवळल्यावर ढील कमी होते आणि काल बरोबर पेटणारा लाइट आज ब्रेक धरल्यावर पेटायला लागतो. गॅरेजमध्ये ब्रेक आवळून गाडी हातात देतात तेव्हा हा नट फिरवायचं बऱ्याचदा राहून जातं, म्हणून तिथून निघण्याआधी भिंतीकडे पाठ करून एकदा पायडल दाबा.